काळ्या बागेचा सातबारा

आर्मेनिया आणि अझरबैजान ज्याच्यासाठी लढले त्या कॉकेशसमधल्या काराबाखबद्दल कुठलंही पुस्तक उघडा, कुठलीही चर्चा ऐका, तिफ्लिसमधल्या (आजचं तिबिलिसी, जॉर्जियाची राजधानी) दोन दिवसांपाशी गाडी येऊन थांबतेच. ४ जुलै १९२१ रोजी बोल्शेविक पक्षाच्या कॉकेशस ब्यूरोची बैठक झाली आणि डोंगराळ काराबाख आर्मेनियाला द्यायचा, असं बहुमतानं ठरलं. अझरबैजानचे नेते नरिमान नरिमानोव यांनी कडाडून विरोध केला. दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, त्याच ब्यूरोनं निर्णय फिरवला. काराबाख अझरबैजानमध्येच राहील, फक्त त्याला व्यापक स्वायत्तता मिळेल. स्टालिन या बैठकांना हजर होता. मधल्या रात्रीत काय शिजलं यावर शंभर वर्षं तर्क चालू आहेत, आणि पुढच्या साऱ्या रक्तपाताचं खापर त्या रात्रीवर फोडायची सवय आर्मेनियनांना, रशियनांना, पाश्चात्त्य अभ्यासकांना आणि त्यांचं वाचून लिहिणाऱ्या आपल्यालाही लागली आहे.

मला ही सवय घातक वाटते. सीमा कुणी आखली यावर सगळं बोट ठेवलं की सीमेच्या आत राहणाऱ्या माणसांशी पुढची शंभर वर्षं कोण कसं वागलं, हा प्रश्न मागे पडतो. सातबारा ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक असतं की त्या एका कागदावर दोन वेगळे नमुने असतात. सात नंबर मालकी सांगतो, बारा नंबर जमिनीत काय पिकतं ते सांगतो. काराबाखच्या बाबतीत जगानं सात नंबरावरच वाद घातला. बारा नंबर कोरा होत गेला तिकडे कुणी पाहिलं नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो पुरता कोरा झाला. डोंगराळ काराबाखमधले एक लाखाहून अधिक आर्मेनियन एका आठवड्यात घरं सोडून निघून गेले. ज्या मुलखात आर्मेनियन वस्तीला दीड हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे, तिथे आज ती जवळजवळ उरलेली नाही.

मुलूख लहानच. सोव्हिएत काळातला स्वायत्त प्रांत जेमतेम ४,४०० चौरस किलोमीटरचा होता. 'कारा' म्हणजे तुर्की भाषांमध्ये काळा, आणि 'बाघ' हा फारसी शब्द, आपल्या मराठीतली बाग तीच. काळी बाग. त्याच्यापुढचं 'नागोर्नो' रशियन, म्हणजे डोंगराळ. एका नावात तीन साम्राज्यांच्या भाषा आल्या आणि ज्यांची तिथे सर्वाधिक वस्ती होती त्यांची भाषा त्यात नाही. आर्मेनियन लोक या मुलखाला आर्त्साख म्हणतात. तिथल्या अंगणांत तुतीची झाडं असतात, त्या तुतीची कडक दारू घरोघर गाळली जाते, आणि रानातल्या डझनभर पालेभाज्या बारीक चिरून भरलेली एक पातळ भाकरी तव्यावर भाजतात. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या डोंगरांत रानभाज्या खुडणाऱ्या बायांना ती भाकरी समजावून सांगावी लागणार नाही.

इतिहास मात्र एकाच समाजाचा नाही, आणि हे आर्मेनियनांचा पक्ष मनोमन पटलेल्यांनीही कबूल करायला हवं. अमारासच्या मठात आर्मेनियन लिपीचे जनक मेस्रोप माश्तोत्स यांनी पाचव्या शतकात शाळा उघडली असं परंपरा सांगते. गांझासरचं चर्च तेराव्या शतकातलं. पुढे फारसी साम्राज्याच्या छायेखाली 'मेलिक' म्हटल्या जाणाऱ्या पाच आर्मेनियन सरदारांची ठाणी या डोंगरांत टिकून राहिली. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर पनाह अली खानानं कड्यावर शुशा हे किल्ल्याचं शहर वसवलं, तेही याच मातीत, आणि त्या कामात वरांदाच्या आर्मेनियन मेलिकानंच त्याला हात दिला. अझरबैजानी लोकांसाठी शुशा म्हणजे मुघाम गायकीचं माहेर. वजीर आणि कवी मोल्ला पनाह वागिफ तिथला, कवयित्री नातवान तिथली, अझरबैजानी ऑपेराचे जनक उझेयिर हाजिबेयोव लहानाचे मोठे झाले तिथेच. त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला आर्मेनियन व्यापारी, छापखाने, शाळा आणि गझान्चेत्सोत्सचं उंच पांढरं चर्च. शुशाशिवाय आपली संस्कृती अपुरी आहे असं दोन्ही समाज म्हणतात, आणि दोघंही खरं बोलतात.

डोंगर आणि सपाटी यांचं नातंही असंच गुंतलेलं. अझरबैजानी पशुपालक हिवाळ्यात खालच्या मैदानात असत आणि उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणांवर येत. आपले धनगर दरसाल कोकणात उतरतात आणि परततात, तसंच ऋतूंचं चक्र. त्यामुळे जनगणना कुठल्या महिन्यात घेतली यावर आकडे बदलत. १९२१ च्या ठरावात वरच्या आणि खालच्या काराबाखच्या आर्थिक संबंधांचं कारण दिलं आहे, ते काही निव्वळ बनाव नव्हतं. डोंगर आर्मेनियाला दिला असता तर कदाचित आज अझरबैजानी पशुपालकांच्या हकालपट्टीवर मी लिहीत बसलो असतो. रेषा कुठेही मारली असती तरी कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच होतं. चुकीच्या बाजूला राहिलेल्याला निर्धास्तपणे जगता येतं का, यावर सगळं अवलंबून होतं. मार्च १९२० मध्ये शुशाचा आर्मेनियन भाग जाळला गेला आणि शेकडो-हजारो माणसं मारली गेली, तेव्हा या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं होतं. त्या जळक्या घरांचे सांगाडे पुढे कित्येक दशकं डोंगरावर तसेच उभे होते.

मग आली सोव्हिएत राजवटीची साडेसहा दशकं. या काळाबद्दल दोन टोकांची चित्रं रंगवली जातात, बंधुभावाचा सुवर्णकाळ किंवा दडपशाहीचा अंधार. माणसं शेजारी राहत होती, एकमेकांच्या लग्नांना जात होती, आंतरधर्मीय विवाहही होत होते. त्याच वेळी विसाच्या दशकाच्या आरंभी ९४ टक्क्यांच्या आसपास असलेलं आर्मेनियनांचं प्रमाण १९७९ पर्यंत ७६ टक्क्यांवर आलं होतं. शाळेत आर्मेनियाचा इतिहास नाही, आर्मेनियाची राजधानी येरेवानचं दूरदर्शन दिसत नाही, आर्मेनियाकडे जाणारा लाचीनचा रस्ता दुसऱ्याच जिल्ह्यात, नोकऱ्या आणि निधी बाकूच्या, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीच्या, मर्जीवर. अशा तक्रारी बाहेरून किरकोळ वाटतात. पण काराबाखच्या आर्मेनियनांसमोर नाखिचेवानचं उदाहरण होतं. तोही अझरबैजानला दिलेला स्वायत्त प्रदेश, तिथे एकेकाळी मोठा आर्मेनियन समाज होता, आणि सत्तरच्या दशकाअखेर तो एक-दोन टक्क्यांवर आला होता. उद्या आपलंही असंच होणार, ही भीती शेजाऱ्याच्या रिकाम्या घराकडे पाहून आलेली होती.

२० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांताच्या सोव्हिएतनं, म्हणजे प्रतिनिधी परिषदेनं, ११० विरुद्ध १७ मतांनी ठराव केला की आमचा प्रांत आर्मेनियाला जोडावा. येरेवानच्या ऑपेरा चौकात लाखो माणसं जमली. 'घा-रा-बाघ' अशा तीन तुकड्यांत घोषणा चालायची, आणि हातात गोर्बाचोव्ह यांची चित्रं असायची. व्यवस्थेत राहून, व्यवस्थेच्याच नियमांनी, अर्ज केला जात होता. आठवडाभरात त्याला उत्तर मिळालं ते सुमगाईतमध्ये.

सुमगाईत हे बाकूजवळचं, कॅस्पियन समुद्राकाठचं, रासायनिक कारखान्यांचं शहर. काराबाखशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथल्या आर्मेनियनांनी कुठलाही ठराव केला नव्हता. त्या आधी काराबाखमधल्या आस्केरानजवळच्या चकमकीत दोन अझरबैजानी तरुण मारले गेले होते, त्यांची नावं आकाशवाणीवरून सांगितली गेली, आणि २७ ते २९ फेब्रुवारी या तीन दिवसांत जमावांनी आर्मेनियन घरं शोधून शोधून माणसं मारली. सरकारी आकडा ३२ मृत्यूंचा, त्यातले २६ आर्मेनियन. काही अझरबैजानी शेजाऱ्यांनी आर्मेनियन कुटुंबांना आपल्या घरात लपवून वाचवलं, हेही तितकंच खरं. मॉस्कोनं मात्र या घटनेला गुंडगिरी म्हणून वाटेला लावलं. खटले वेगवेगळ्या शहरांत विखुरले, कट कुणाचा, पोलीस कुठे होते, याचा छडा कधी लागलाच नाही.

काराबाखच्या इतिहासातली खरी कलाटणी मला विचाराल तर ती इथे आहे. १९२१ च्या त्या रात्री एक प्रशासकीय निर्णय झाला होता, तो बदलता आला असता, सुधारता आला असता. सुमगाईतनंतर मात्र प्रत्येक आर्मेनियनाला कळलं की आपण कुठल्याही शहरात, काहीही न करता, निव्वळ आडनावासाठी मारले जाऊ शकतो आणि त्याचा जाब कुणी विचारणार नाही. हीच समजूत थोड्याच महिन्यांत आर्मेनियातल्या अझरबैजानी गावकऱ्यांनाही आली. १९८८ संपेपर्यंत आर्मेनियातून जवळजवळ सगळे अझरबैजानी, दीड-दोन लाख माणसं, हाकलले गेले. बर्फातून डोंगर ओलांडताना कित्येक गोठून मेले. जानेवारी १९९० मध्ये बाकूतल्या आर्मेनियनांची पाळी आली. बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. आई आर्मेनियन, जन्म बाकूचा. जगज्जेता असतानाच त्यांना तेव्हा विमानानं कुटुंबासह बाकू सोडावं लागलं आणि ते परत तिथे राहायला गेले नाहीत. एके काळी त्या शहरात दोन लाखांच्या घरात आर्मेनियन होते.

युद्धाचा तपशील मी फार देत नाही. सोव्हिएत संघ मोडला, दोन्ही बाजूंना शस्त्रं मिळाली, आणि १९९४ च्या मे महिन्यात शस्त्रसंधी झाली तेव्हा सुमारे ३०,००० माणसं मेलेली होती. पण एका रात्रीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. २५-२६ फेब्रुवारी १९९२ रोजी आर्मेनियन सैन्यानं काराबाखमधलं अझरबैजानी वस्तीचं खोजाली घेतलं आणि तिथून बर्फातून पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांवर गोळीबार केला. बायका, मुलं, म्हातारी माणसं त्यात होती. अझरबैजानच्या मते ६१३ जण मारले गेले. या युद्धातली ही सर्वांत मोठी कत्तल. सुमगाईतची आठवण काढणाऱ्याला खोजालीच्या वेळी गप्प बसता येणार नाही.

आणि मग विजय. आर्मेनियन सैन्यानं केवळ काराबाख राखला असं झालं नाही, भोवतालचे सात अझरबैजानी जिल्हे पूर्णतः किंवा अंशतः घेतले. लाचीन, केलबाजार, कुबातली, जबराईल, झांगिलान, आग्दाम, फिझुली. इथून आणि काराबाखमधून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी विस्थापित झाले. कित्येक कुटुंबांनी पुढची वर्षं जुन्या रेल्वेच्या डब्यांत काढली. आग्दाम हे हजारोंच्या वस्तीचं शहर, दारू-चहाच्या आणि बाजाराच्या गप्पांचं. त्याच्या भिंतींचे दगड, पत्रे, पाइप उपसून नेले गेले, उभी राहिली ती मशीद, आणि तिच्यात गुरं बांधली जात होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १९९३ या एका वर्षात चार ठराव केले. कुणी हललं नाही.

जिंकलेल्या बाजूला त्या वेळी दोन वाटा होत्या. आर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान यांनी १९९७ मध्ये जाहीरपणे मांडलं की सात जिल्हे परत करावेत, त्या बदल्यात सुरक्षेची हमी घ्यावी, काराबाखचा दर्जा नंतर ठरवावा. वेळ आपल्या बाजूनं नाही, अझरबैजानकडे तेल आहे, आज मिळतंय ते उद्या मिळणार नाही. हे सांगणाऱ्या माणसाला फेब्रुवारी १९९८ मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्यांच्यानंतर वीस वर्षं आर्मेनियाची सत्ता काराबाखमधून आलेल्या दोन नेत्यांच्या हातात होती आणि 'मुक्त केलेली भूमी' हा शब्द शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला. ज्या सात जिल्ह्यांतून लाखो माणसं हाकलली होती तिथे नवी वस्ती केली गेली. काराबाखच्या आर्मेनियनांना आपल्या घरात राहण्याचा हक्क होता, यात मला तिळमात्र शंका नाही. आग्दामच्या माणसाचं घर ओसाड ठेवून तो हक्क राखता येत नव्हता. आर्मेनियन नेतृत्वाची ही चूक मला अक्षम्य वाटते, आणि तिची किंमत नेत्यांनी नव्हे, काराबाखची राजधानी स्तेपानाकेर्तमधल्या साध्या कुटुंबांनी मोजली.

तेलाचा पैसा, तुर्की ड्रोन आणि इस्रायली शस्त्रं घेऊन अझरबैजाननं २७ सप्टेंबर २०२० रोजी हल्ला केला. चव्वेचाळीस दिवसांत शुशा पडलं. केलबाजार सोडताना तिथे राहायला आलेल्या आर्मेनियनांनी स्वतःची घरं पेटवली, काहींनी आप्तांच्या कबरी उकरून अस्थी बरोबर नेल्या. कबर मागे ठेवण्याचीसुद्धा खात्री वाटू नये, इतका अविश्वास. उरलेल्या काराबाखच्या रक्षणासाठी सुमारे दोन हजार रशियन शांतिसैनिक आले. त्यांच्या डोळ्यांदेखत १२ डिसेंबर २०२२ पासून लाचीनचा रस्ता अडवला गेला. आधी पर्यावरणाचं निमित्त केलं, मग एप्रिलमध्ये तपासणी नाका आला, जूनच्या मध्यानंतर अन्न-औषधांची वाटही जवळपास बंद झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्येच आदेश दिला होता की या रस्त्यावरची ये-जा निर्वेध करा. पावाच्या रांगा रात्री लागत होत्या. पेट्रोल नसल्यानं माणसं चालत जात होती. अशा नऊ महिन्यांनी थकलेल्या लोकांवर १९ सप्टेंबरला तोफा सुरू झाल्या आणि चोवीस तासांत सारं संपलं.

निघालेल्या गाड्यांची रांग डोंगराच्या वळणांवर अशी लागली की एरवी दोन तासांच्या वाटेला काहींना दीड दिवस लागला. पेट्रोल मिळतंय म्हणून स्तेपानाकेर्तजवळच्या एका साठ्यापाशी गर्दी झाली, तिथे स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं मेली. जाण्यासाठी इंधन घ्यायला आलेली माणसं होती ती. संयुक्त राष्ट्रांचं पथक १ ऑक्टोबरला पोचलं, सुमारे तीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांच्या अंदाजानं तेव्हा मागे उरलेले आर्मेनियन पन्नास ते हजाराच्या दरम्यान होते.

बाकूचं म्हणणं असं की कुणालाही हाकललं नाही, नागरिकत्व घेऊन राहा असंच आम्ही सांगितलं, ते आपणहून गेले. हा मुद्दा टाळून पुढे जाणं योग्य नाही, कारण अनेक देशांनी तो मनातल्या मनात मान्य केला आहे. गाड्यांत बसलेल्यांच्या पाठीला बंदूक लावलेली नव्हती, हे खरं. पण नऊ महिने ज्यानं उपाशी ठेवलं त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून राहायचं होतं. २००४ मध्ये बुडापेस्टमधल्या एका लष्करी अभ्यासक्रमात झोपलेल्या आर्मेनियन अधिकाऱ्याला कुऱ्हाडीनं मारणारा अझरबैजानी अधिकारी २०१२ मध्ये मायदेशी परतताच माफी आणि बढती मिळवून गेला, हे त्यांना पाठ होतं. २०२१ मध्ये बाकूत युद्धविजयाचं उद्यान उघडलं गेलं, त्यात मेलेल्या आर्मेनियन सैनिकांची शिरस्त्राणं ओळीनं टांगली होती आणि विद्रूप नाकाडोळ्यांचे मेणाचे पुतळे उभे केले होते. तिथे शाळेची मुलं न्यायची. त्या देशाचे नागरिक होऊन राहा, असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांनी मुलांना गाडीत घातलं. मी असतो तर मीही घातलं असतं. त्याला स्वेच्छा म्हणणं मला मान्य नाही.

काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्यानं अझरबैजानचा, ही गोष्ट मी वादात घेत नाही. आर्मेनियानंही शेवटी ती मान्य केली. सात नंबर त्यांच्या नावावर आहे. पण सार्वभौमत्व म्हणजे नुसती मालकी असेल तर सरकार आणि सावकार यांत फरक काय? भूमी माझी म्हणणाऱ्या राज्यावर त्या भूमीतल्या माणसांची जबाबदारी पहिली येते. हीच कसोटी मी १९९४ च्या आर्मेनियन विजेत्यांना लावली, आणि हीच २०२३ च्या विजेत्यांना लावतो.

दगडांचं काय चाललंय तेही पाहायला हवं. अझरबैजानमध्ये एक मत प्रचलित आहे की तिथली चर्चं मुळात प्राचीन कॉकेशियन अल्बानिया या राज्याची (युरोपातल्या अल्बानियाशी त्याचा संबंध नाही), त्यांवरचे आर्मेनियन लेख नंतर कोरलेले. हे लेख काढून टाकण्यासाठी समिती नेमत असल्याचं तिथल्या संस्कृती मंत्र्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. नाखिचेवानमधल्या जुल्फाच्या स्मशानातले कोरीव दगडी क्रूस २००५ च्या सुमारास सैनिकांनी फोडून नदीत लोटले, आणि शुशामधलं 'हिरवं चर्च' आता उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत नाही. ज्यांच्या आजोबांचे शिलालेख पुसले जातात त्यांना परत बोलावण्याची इच्छा त्या राज्याला आहे, असं कसं मानायचं?

आता थोडं आपल्याविषयी, कारण मे २०२५ नंतर हा प्रश्न अचानक आपल्या मोबाइलवर आला. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूनं बोलले. पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली, बाकूच्या सहली रद्द झाल्या, आणि आर्मेनिया आपला मित्र असल्याचे संदेश फिरू लागले. आर्मेनियाशी आपलं नातं खरंच जुनं आहे. मुंबईत फोर्टमध्ये १७९६ चं आर्मेनियन चर्च उभं आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं. कलकत्त्यात वाढलेला जोसेफ एमिन नावाचा व्यापारीपुत्र अठराव्या शतकात आर्मेनियाच्या मुक्तीचं स्वप्न घेऊन थेट कॉकेशसमध्ये गेला आणि त्यानं गांझासरच्या धर्मगुरूंशी संधान बांधलं. आणि २०२२ पासून आर्मेनिया विकत घेतो आहे ती पिनाक अग्निबाण प्रणाली पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेली.

तरीही आपल्या भांडणाचा साचा काराबाखवर बसवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शियाबहुल इराण हा ख्रिस्ती आर्मेनियाचा सर्वांत भरवशाचा शेजारी राहिला. शियाबहुल अझरबैजानला शस्त्रं इस्रायलनं पुरवली. अझरबैजानच्या तेलक्षेत्रात आपल्याच सरकारी तेल कंपनीचा वाटा आहे. आर्मेनियाला इतकी वर्षं मान्यताच न देणाऱ्या पाकिस्ताननं ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्याशी राजनैतिक संबंध जोडले. धर्मयुद्धाच्या चष्म्यातून यातलं काहीच दिसत नाही. विस्थापित आर्मेनियनांची कणव आपल्याला यावी ती ते माणसं आहेत म्हणून. अझरबैजान पाकिस्तानचा मित्र आहे म्हणून आलेली कणव पुढच्या बातमीनं उडून जाईल, आणि आग्दामच्या माणसापर्यंत तर ती पोचणारच नाही.

८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. युद्ध थांबणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांची मुलं सीमेवर आहेत त्या घरांना तिचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण सतरा कलमांच्या त्या मसुद्यात काराबाखच्या आर्मेनियनांच्या परतीचा शब्दही नाही. उलट दोन्ही देशांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयांतले एकमेकांविरुद्धचे दावे मागे घ्यावेत असं एक कलम आहे. ज्यांना परत जायचं आहे त्यांना सुरक्षितपणे जाऊ द्या, असा आदेश याच न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. करार अमलात आला की त्या आदेशाचा आधारच जाईल. आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान म्हणतात, परतीचा विषय काढणं शांततेला बाधक आहे. त्यांच्यावर लहान, एकाकी देश वाचवण्याचं ओझं आहे आणि त्यांची अडचण मला दिसते. पण हा हक्क त्या त्या कुटुंबाचा आहे, तो सोडून देण्याचा अधिकार कुठल्या सरकारला नाही.

बाकू यावर म्हणतं, मग आर्मेनियातून हाकललेल्या अझरबैजानींचं काय? त्यांचाही हक्क तोच. कापानचा, वार्देनिसचा अझरबैजानी शेतकरी परत जाऊ इच्छित असेल तर त्याला जाता यावं. एका दाव्यानं दुसरा फिटत नाही, दोन्ही मान्य करावे लागतात. सगळे परततील असं नाही, बहुतेक कदाचित परतणारच नाहीत. पण निदान कबरीवर जाऊन यायची, घर पाहून यायची वाट तरी उघडी असावी, करारात तिचं नाव असावं, आणि भारतासारख्या देशानं, ज्याचं दोन्ही राजधान्यांत दूतावास आहे, हे मोठ्यानं म्हणावं.

हे अशक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी दोन खेड्यांची हकीकत सांगतो. अझरबैजानात शामाखीजवळ केर्केंज नावाचं आर्मेनियन वस्तीचं गाव होतं, आणि आर्मेनियाच्या उत्तरेला जॉर्जियाच्या सीमेपाशी कीझिल शफाग नावाचं अझरबैजानी वस्तीचं. १९८९ मध्ये दोन्हीकडच्यांना कळून चुकलं की आपल्याला इथे राहता येणार नाही. तेव्हा गावांतल्या जाणत्यांनी एकमेकांकडे जाऊन घरं पाहिली, आणि आपसांत ठरवून गावंच्या गावं बदलली. कुणाला कुठलं घर हे बसून ठरलं. दोन्ही बाजूंनी घर गेलंच, सुखाची गोष्ट नव्हे ही. पण त्यांनी एकमेकांकडून एक वचन घेतलं होतं, तुमच्या कबरी आम्ही सांभाळू, आमच्या तुम्ही सांभाळा. पुढे तीन दशकांत युद्धं झाली, सैन्यं आली-गेली, दोन्ही देशांत ठिकठिकाणी स्मशानं नांगरली गेली. या दोन गावांतल्या माणसांनी परक्यांच्या कबरींवरचं गवत काढणं चालू ठेवलं.